दसऱ्याला कात्री: मुंबईच्या बाल्कनीतला गुलाब लावायचा कसा, ओळखायचा कसा

कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर ‘पापा मेयाँ’ या गुलाबाच्या जातीचं नाव लिहिलं होतं. गर्द, जवळजवळ काळपट लाल फूल, आणि वास असा की एका फुलाने खोली भरावी. उपनगरातल्या एका नर्सरीतून मी ते रोप आणलं, तेही जूनमध्ये, ऐन पहिल्या पावसात. ऑगस्टपर्यंत पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. पुढच्या जानेवारीत एकदाचं फूल आलं, ते शेंदरी. वास शून्य. एकाच कुंडीत दोन चुका झाल्या होत्या: मुंबईत जूनमध्ये गुलाब आणायचा नसतो, आणि चिठ्ठी वाचून गुलाब ओळखायचा नसतो.

पहिली चूक पुस्तकांमुळे होते. बहुतेक पुस्तकं थंड देशांतली. तिथे हिवाळ्यात झाड झोपतं, हिवाळा सरता सरता छाटतात आणि उन्हाळाभर फुलं घेतात. आपल्याकडे गुलाबाला झोपवणारी थंडीच नाही. इथे त्याचा वाईट काळ म्हणजे पावसाळा, आणि चांगला काळ म्हणजे इतर ठिकाणी तो झोपलेला असतो तोच. मुंबईतून पावसाच्या परतीची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात. गुलाबाचं वर्ष तिथून सुरू करायचं. ऑक्टोबर ते मार्च फुलांचे महिने, एप्रिल-मे तग धरण्याचे, आणि जून ते सप्टेंबर नुसतं सांभाळण्याचे.

ऊन आधी, रोप नंतर

गुलाबाला दिवसाचं निदान पाच तास थेट ऊन लागतं. ‘आमच्याकडे उजेड भरपूर आहे’ याचा इथे उपयोग नाही. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं.

ऊन कधी मोजायचं हेही महत्त्वाचं. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेला तोंड असलेल्या बाल्कनीत मे-जूनमध्ये ऊन जवळपास येतच नाही. मेमध्ये पाहून ‘इथे काही गुलाब होणार नाही’ म्हणून बसाल तर फसाल. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि तेच ऊन ग्रिलमधून आत येऊन हॉलच्या फरशीपर्यंत पोचतं. म्हणजे गुलाबाला ऊन हवं असतं नेमकं त्याच महिन्यांत ही बाल्कनी उन्हाने भरलेली असते. मुलुंडच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावर हेच घडतं, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीला मी मुंबईत पहिला नंबर देतो. पूर्वेची दुसरी: सकाळचं ऊन मऊ, पानांवरचं दव लवकर वाळतं. पश्चिमेला झाड वाढतं, पण गडद लाल फुलांच्या कडा दुपारच्या तापात करपतात. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर ऊन फिरकत नाही. तिथे फर्न लावा, गुलाबाच्या वाट्याला जाऊ नका.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी आठपासून दर तासाला कुंडीच्या जागी ऊन आहे का ते बघून कागदावर लिहा. समोरच्या टॉवरची सावली किती वाजता येते तेही कळतं. आणि कुंडीखाली खोल ताटली ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर शेणखताचं पाणी पडतं. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, आणि तो लवकर मिटत नाही.

रोप निवडताना

रोप ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत आणावं. गोरेगावला आरेच्या बाजूला नर्सऱ्यांची रांग आहे, आणि बाकी प्रत्येक उपनगरात रस्त्याच्या कडेला कोणी ना कोणी बसलेला असतोच. जाती डोळ्यांनी नीट पाहायच्या असतील तर हिवाळ्यात भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे जावं. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर.

रोप घेताना फुलाकडे बघू नका. फूल बघून घेतलेलं रोप म्हणजे लग्नातले कपडे बघून पसंत केलेलं स्थळ. खाली वाका. मातीच्या वर बोटभर अंतरावर खोडाला एक गाठ दिसेल. तिथे रानटी गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे नवी फूट देणारा बारीक कोंब, भरलेला असतो. त्या गाठीतून किंवा तिच्या वरून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या हव्यात. गाठीखालून काही फुटलेलं असेल, किंवा गाठ काळी, भेगाळलेली असेल, तर ते रोप ठेवून द्या. फुलं नसलेलं पण खोड दणकट असलेलं रोप मिळालं तर उत्तम, भावही कमी पडतो.

घरी आणल्यावर आठ-दहा दिवस ते पिशवीतच, पण नव्या जागी ठेवा. जागा बदलली की काही पानं पिवळी पडतात. घाबरून लगेच खत घालू नका.

कुंडी आणि माती

कुंडी १२ इंची. दहा इंचीत चालतं, पण दुसऱ्या वर्षी झाड रुसतं. खाली भोकं मोठी हवीत आणि कुंडी दोन विटांवर उचललेली हवी, म्हणजे पाणी निघून जायला जागा राहते. मुंबईत गुलाब तहानेने क्वचितच मरतो, बहुतेक वेळा मुळं कुजून मरतो.

मातीचं माझं प्रमाण: लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग, विटांचा बारीक चुरा किंवा जाड रेती एक भाग. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ हाडांचा चुरा. चौपाटीवरची वाळू चुकूनही वापरू नका, मीठ असतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालायचं तर दोनदा धुऊन आणि थोडंच, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि पावसाळ्यात तेच नको असतं.

पिशवीतल्या मातीचा गोळा बहुधा चिकणमातीचा असतो. तो तसाच नव्या कुंडीत ठेवला तर भोवतालची भुसभुशीत माती पाणी पिते आणि आतला गोळा दगडासारखा कोरडा राहतो. वरून माती ओली दिसते, आत झाड वाळत असतं. गोळा अर्धा तास बादलीत भिजवा आणि बोटांनी बाहेरचा एक थर सोडवून काढा. सगळी माती धुऊन काढू नका, बारीक मुळं तुटतात. लावताना ती गाठ मातीच्या वर इंच-दोन इंच राहिली पाहिजे. थंड देशांत गाठ बर्फापासून वाचवायला मातीत गाडतात. ते वाचून कोणी इथे गाडली तर पावसात ती कुजते.

लावल्यावर भरपूर पाणी, चार-पाच दिवस सावलीत, मग उन्हात.

छाटणी

कुंडीत आधीपासून असलेल्या झाडांसाठी हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस, आणि हात थरथरतात तोही याच दिवशी. मी दसऱ्याला कात्रीची पूजा करतो आणि त्यानंतरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात छाटतो. दसरा लवकर आला आणि पाऊस रेंगाळला तर थांबायचं. छाटलेल्या तोंडावर पाणी साचलं की फांदी वरून काळी पडत खाली वाळत जाते. याला शेंडेमर म्हणतात.

कात्री धारदार हवी आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसलेली हवी. भाजी कापायची कात्री फांदी चेंगरते, ती नको.

आधी मेलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. आता तीन ते पाच चांगल्या फांद्या उरल्या पाहिजेत. प्रत्येक फांदीवर पानाच्या देठाशी एक बारीक लालसर टिंब असतं, तो डोळा. नवीन फूट तिथूनच निघते, आणि डोळ्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच फांदी जाते. म्हणून झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. लांब दांड्याच्या मोठ्या फुलांच्या जातीत मातीपासून १२ ते १५ इंच ठेवतात, म्हणजे फांदीवर चार-पाच डोळे राहतात. घोसात फुलणाऱ्या जातींचा वरचा एक तृतीयांश भागच काढा. देशी गुलाब आणि बटण गुलाब नुसते नीटनेटके करा. वेलगुलाबाच्या मुख्य फांद्या कापूच नका. त्या ग्रिलला आडव्या बांधा, म्हणजे प्रत्येक डोळ्यातून फूट येते. उभ्या ठेवल्यात तर फुलं फक्त टोकाला.

काप घेतल्यावर थांबून त्या तोंडाकडे बघा. मधला गाभा पांढरा किंवा हिरवट असेल तर फांदी जिवंत. तपकिरी असेल तर अजून एक डोळा खाली या, पुन्हा बघा. गेल्या वर्षी एका फांदीला मी तीनदा कापत गेलो, तेव्हा गाठीपासून चार इंचांवर पांढरा गाभा दिसला. वाटलं, गेलं झाड. त्याच फांदीवर डिसेंबरात सगळ्यांत मोठं फूल आलं. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचा घट्ट लेप लावा. हळदीचा लेप बरेच जण लावतात. मीही लावायचो, आता नाही लावत. पावसाची एक सर आली की तो वाहून जातो.

उरलेली जुनी पानं हाताने काढून टाका, जमिनीवर पडलेलीही उचला, कारण पावसाळ्यातला रोग त्यांच्यावरच दबा धरून असतो. वरची दोन इंच माती खरवडून तिथे नवं शेणखत भरा.

मग वाट बघायची. आठवड्याभरात डोळे फुगतात. तिसऱ्या आठवड्यात तांबूस पानं. महिन्याभराने वाटाण्याएवढी कळी. साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेलं झाड नोव्हेंबरच्या अखेरीस नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतं. हा हिशोब उलटाही चालतो. संक्रांतीला फुलं हवी असतील तर पहिला बहर नोव्हेंबर संपता संपता कापून घ्या. कोमेजलेलं फूल काढताना नुसती मान मोडू नका. खाली येत पाच पानांचं, म्हणजे एका देठावर पाच छोटी पानं असलेलं, पहिलं-दुसरं पूर्ण पान शोधा, त्याचा डोळा बाहेर बघत असेल तर त्याच्या वर कापा. असं करत गेलात तर मार्चपर्यंत तीन बहर सहज मिळतात. एखादी फूट वाढते पण टोकाला कळीच धरत नाही. ती वांझ फूट. बहुतेक वेळा कारण ऊन कमी. तिला निम्म्यावर कापा आणि कुंडी उन्हाकडे सरकवा.

ओळखायचा कसा

आता दुसरी चूक. गुलाब ओळखताना सगळे फुलाकडे बघतात आणि तिथेच घसरतात, कारण फूल ऋतूप्रमाणे बदलतं. डिसेंबरातलं गडद गुलाबी फूल एप्रिलमध्ये फिकट, लहान आणि कमी पाकळ्यांचं येतं. एकाच झाडाचे दोन फोटो दाखवले तर दोन जाती म्हणाल. म्हणून खालून वर जायचं आणि हंगामभर बघत राहायचं.

खाली गाठ. गाठीच्या खालून, कधी मातीतून, एखादी सरळसोट हिरवी फांदी सुसाट वाढते. माझ्या मावशीने ती कौतुकाने दीड वर्ष वाढवली. ‘बघ, कशी जोमाने धरलीय!’ शेवटी तिला पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या चिमुकल्या फुलांचे घोस आले आणि वरचं कलम केव्हाच वाळून गेलं होतं. ती खुंटाची फूट. सात पानांची फांदी म्हणजे रानटी, असं सरसकट सांगतात ते खरं नाही. चांगल्या कलमी जातींनाही सात पानं येतात. खात्रीची खूण एकच: माती बाजूला करून फांदी कुठून निघाली ते बघा. गाठीखालून असेल तर कात्री न लावता खालच्या बाजूला ओढून उपटा. कापली तर तिथूनच पुन्हा चार फुटतात. आणि गाठीच्या वरून निघालेली जाड, लालसर, रसरशीत फूट दिसली तर तिला हात लावू नका. पुढची तीन-चार वर्षं झाड तिच्यावर जगणार आहे. उत्साहाच्या भरात मी एकदा अशीच एक उपटली होती.

मग काटे. गुलाबाचा काटा खोडाच्या सालीतून वर आलेला असतो. बाजूने अंगठ्याने दाबला तर कट्‌कन निघतो आणि मागे एक लांबट गोल खूण राहते. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा असा निघत नाही, तो आतल्या लाकडाला जोडलेला असतो. काटे दाट की विरळ, सरळ की खाली वाकलेले, हे वहीत लिहा. ही खूण ऋतूने बदलत नाही.

पानं चकचकीत की निस्तेज, कोवळी फूट हिरवी की मरून, हेही पाहा. गडद लाल फुलांच्या बऱ्याच जातींची कोवळी पानं तांबूस-मरून असतात. माझ्या ‘पापा मेयाँ’ची पहिली फूट मी नीट पाहिली असती तर जानेवारीपर्यंत थांबावंच लागलं नसतं.

कळी उमलायच्या बेतात असेल तेव्हा देठ धरून ती उलटी करा. खाली पाच हिरवी निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानं, दिसतील. नीट निरखा: त्यातल्या दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या कडा साफ, आणि उरलेल्या एकाला फक्त एकाच बाजूला झालर. हे पाच भाऊ बहुतेक बागेतल्या गुलाबांत सापडतात. कारणही सोपं आहे: कळीत निदलं एकमेकांवर चढून बसलेली असतात, आणि जी कड दुसऱ्याखाली दबलेली असते तिला झालर फुटत नाही. जात ओळखायला याचा फारसा उपयोग नाही. पण एकदा दाखवलंत की घरातली मुलं कळ्या उलट्या करत फिरतात.

आता फूल. लांब दांड्याच्या टोकाला एकच मोठं फूल आणि मधोमध उंच, टोकदार कळस असेल तर ते हायब्रिड टी. १८६७ सालच्या ‘ला फ्रान्स’ला या गटाचं पहिलं फूल मानतात. एकाच फांदीवर पाच-सात फुलांचा घोस असेल तर फ्लोरिबंडा. दोन्हींच्या मधला, उंच झाडाचा आणि लहान घोसांचा गट म्हणजे ग्रँडिफ्लोरा. १९५४ ची गुलाबी ‘क्वीन एलिझाबेथ’ त्यातली. नर्सरीवाला ज्याला काश्मिरी किंवा बटण गुलाब म्हणतो ते बुटके, बारीक पानांचे, मुठीत मावतील अशा घोसांचे.

पाकळ्या मोजा, पण झाडावर नाही. गळायला आलेलं फूल वर्तमानपत्रावर सोडवून मोजा. साधारण आठपर्यंत असतील तर एकेरी, सतरा ते पंचवीस दुहेरी, चाळिसाच्या वर गेल्या तर खूप भरगच्च. डिसेंबरात एकदा, मार्चमध्ये एकदा मोजा.

रंग तीन दिवस बघायचा: कळीचा, पूर्ण उमलल्यावरचा आणि उतरताना. पाकळीची मागची बाजूही. ‘डबल डिलाइट’ (१९७७) मधे सायीसारखी आणि कडेला लाल असते, आणि ऊन लागेल तसा लाल रंग आत पसरतो. घरात ठेवलेल्या कळीत तो तितका पसरत नाही. ‘पीस’ पिवळी, कडा गुलाबी. दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, फ्रान्सच्या मेयाँ या गुलाबाच्या जाती काढणाऱ्या घराण्यातली ही जात या नावाने बाजारात आली. मुंबईच्या उन्हात तिचा पिवळा दोन दिवसांत उतरून साय होते, आणि मग लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं.

वास घ्यायचा सकाळी आठ-नऊला. दव वाळलेलं असतं, ऊन अजून तापलेलं नसतं. दुपारी दोनला त्याच फुलाला वास नसतो, म्हणून ‘बिनवासाचा’ असा शिक्का घाईने मारू नये.

मुंबईत हमखास भेटणाऱ्या काही जाती सांगतो. ‘ग्लॅडिएटर’ (१९५५): मोठं गुलाबट-लाल फूल, दणकट झाड, नवख्याने पहिलं हेच लावावं. ‘आइसबर्ग’ (१९५८): पांढरे घोस, फिकट हिरवी चकचकीत पानं, काटे कमी. ‘सुपरस्टार’ (१९६०): झगझगीत शेंदरी. खरी ‘पापा मेयाँ’ (१९६३): मखमली काळपट लाल, वास अप्रतिम, पण नाजूक. उन्हात कडा जळतात आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) तिला पहिली गाठते. मला ती हवीच असते आणि दरवर्षी तिच्यापुढे मी हरतो. आपल्याकडे तयार झालेल्या जातीही मागून पाहा. डॉ. बी. पी. पाल, जे १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, त्यांनी हौसेने गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची चॉकलेटी-तपकिरी ‘मोहिनी’ एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत वीस-वीसच्या गड्डीत मिळतो तो डच गुलाब. ‘ताजमहाल’, ‘टॉप सीक्रेट’ ही नावं तिथे ऐकू येतात. मावळ-तळेगावच्या पॉलिहाऊसमधून येणारा हा माल फुलदाणीत टिकण्यासाठी आहे, वासासाठी नाही. त्याची काडी बटाट्यात खोचून झाड करण्याचे व्हिडिओ मी करून पाहिले. बटाटे उगवले.

पाणी आणि खत, थोडक्यात

पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी. डिसेंबरात एक दिवसाआड पुरतं, एप्रिलमध्ये दोन्ही वेळा लागतं.

छाटणीनंतर फूट दिसली की दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याची पेंड: मूठभर पेंड तीन-चार दिवस पाण्यात भिजवा, गाळा, दहापट पाणी घालून द्या. वास येतो, झाकण ठेवा आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी टाळा. पेंड नको असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. कोरड्या मातीत कोणतंही खत घालू नका, आधी पाणी द्या. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून मगच घाला, नाहीतर मुंग्यांची वसाहत होते.

रोग आणि किडी

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार आणि हवा दमट असली की कोवळ्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसतं, पानं मुडपतात. ही भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. कडक उन्हाच्या दिवसांत ते मारू नका, पानं भाजतात. निंबोळी तेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्याच दिवसांत कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या मानेवर हिरवा मावा बसतो. त्याला पाण्याची जोराची धार आणि निंबोळी तेल पुरतं: लिटरला पाच मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब.

कळी कडेने तपकिरी पडून उमलतच नसेल तर ती पांढऱ्या कागदावर फोडा. बारीक, पिवळट, चपळ रेघा पळताना दिसल्या तर फुलकिडे. अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका. फेब्रुवारीनंतर पानं राखट, ठिपक्यांची दिसू लागली तर पान कागदावर झटका. लाल ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. तो कोरड्या उन्हात वाढतो, म्हणून रोज सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारणं हा पहिला उपाय. पानांवर पाणी नको हा नियम इथे लागू नाही.

गुलकंदासाठी पाकळ्या वापरणार असाल तर त्या झाडावर काहीही फवारू नका. आणि गुलकंदाला कलमी गुलाब नको, वासाचा देशीच हवा.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत

एप्रिलमध्ये फुलं लहान येतात, येऊ द्या. मेमध्ये कळ्या खुडून टाका, झाडाची ताकद वाचते. दुपारी हिरवी जाळी, मातीवर सुक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन.

पावसाळ्यात काळे ठिपके. पानावर कडेला झालर असलेले काळे गोल, भोवती पिवळं, मग पानगळ. या बुरशीला रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं लागतं, आणि जुलैत मुंबईत पान दिवसेंदिवस ओलंच असतं. त्यामुळे औषधापेक्षा छप्पर बरं: कुंड्या छज्जाखाली, भिंतीकडे, एकमेकींपासून हातभर दूर. पिवळं पान दिसलं की काढा. पाऊस चार दिवस थांबला की मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, तोंडाला फडकं बांधून. छाटणी नाही, खत नाही, कुंडी बदलणं नाही. पानं गळाली तरी फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

माझं ते शेंदरी झाड असेच पाच पावसाळे काढून अजून आहे. रंग ‘सुपरस्टार’च्या जवळचा, पण काटे जुळत नाहीत आणि वास तर नाहीच. वहीत अजून ‘शेंदरी, बिननाव’ एवढंच लिहिलेलं आहे. समोर पाकळ्यांचे आकडे: डिसेंबर ३४, मार्च २७. सप्टेंबर अखेर आली की कात्रीला तेल घालून ठेवतो.